हरीण पाहायला जायचं तर सकाळी निघा

थंडी पडायला लागली की दरवर्षी मला फोन येऊ लागतात. नागपूरची मावसबहीण, पुण्याला असलेल्या भावाचे मित्र, ऑफिसातल्या कुणाच्या तरी नणंदेचे यजमान. "तुम्ही जबलपूरच्या ना? ती आदिमानवाची चित्रं तुमच्या तिकडेच आहेत म्हणे." जणू राइट टाउनातल्या आमच्या गच्चीवरून हात लांब करून मी ती दाखवणार आहे. मी प्रत्येकाला शांतपणे सगळं सांगते. कधी निघायचं, काय न्यायचं, काय न्यायचं नाही. प्रत्येक जण "हो हो, अगदी" म्हणतो. आणि मग दिवस कलल्यावर टेकडीखालच्या चहाच्या टपरीवरून फोन येतो, की अहो, इथे तर काहीच नाही, नुसते दगड आहेत. माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाचं लिहूनच ठेवते आहे. यापुढे कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

जागेचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की रविवारी तिथे चटया आणि स्पीकर घेऊन माणसं पोचतील. ज्याला खरोखर जायचं आहे त्याला मी नाव फोनवर सांगते. भोपाळच्या रस्त्यानं जायचं, शहापुरा मागे टाकायचं, आणि बरंच पुढे गेल्यावर उजव्या हाताच्या कच्च्या रस्त्याला वळायचं. वाटेत भेडाघाटचा फाटा लागतो, हीच खरी अडचण आहे. "आता आलोच आहोत तर धुवांधार धबधबा पाहून घेऊ" असं गाडीतलं कुणीतरी म्हणतंच. तिथे उतरलात की संपलं. त्या दिवशी धुवांधारच पाहा आणि घरी परत या, मला फोन करू नका.

टेकडीच्या पायथ्याशी एक मोठी गुहा आहे. आत महादेवाची पिंड आहे, आणि ती कुणी कधी बसवली याबद्दल गावात रोज नवी गोष्ट मिळते. गुहेच्या बाजूनं वर चढलं की खडक छपरासारखे पुढे आलेले दिसतात. त्यांच्या आडोशाला चित्रं आहेत. सरकारी पाटीवर त्या जागांना शैलाश्रय म्हटलंय, गावातली माणसं चित्रांना पुतरिया म्हणतात. ज्या भिंतीवर बघण्यासारखं सगळ्यात जास्त आहे ती पूर्वेला तोंड करून आहे. म्हणजे सकाळी ऊन सरळ भिंतीवर पडतं आणि लाल, पांढऱ्या रेघा स्वच्छ दिसतात. दुपारनंतर तिथे सावली होते, आणि बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला खडक काय आणि चित्र काय, सगळं एकच दिसतं. तेव्हा सकाळी जायचं. इतकी साधी गोष्ट आहे. ही साधी गोष्ट माझ्या स्वतःच्या घरात मला जमली नाही, ते आता सांगते.

माझे वडील इथल्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला जॉब, म्हणजे यंत्रावरून आलेला सुटा भाग, हातात घ्यायचा, फडक्यानं पुसायचा, उजेडात फिरवून पाहायचा, कुठे बारीकशी चीर दिसली तर बाजूला ठेवायचा. आयुष्यभर त्यांनी डोळ्यांची भाकरी खाल्ली. पुसल्याशिवाय काही बघायचं नाही ही सवय घरीही होती. ताट पुसणार, आंबा पुसणार, लग्नाची पत्रिकासुद्धा शर्टाच्या बाहीनं पुसून मग वाचणार. मी जन्मले तेव्हा मलाही पुसूनच पाहिलं असणार, असं आई म्हणते.

त्याच माणसाला काचबिंदू झाला. कडेनं दिसणं हळूहळू जात राहिलं आणि आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की समोर जेवढी फट उरली आहे तीही फार दिवस राहणार नाही, त्यांना काही पाहायचं असेल तर ह्याच थंडीत दाखवा. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून रडले. मग डोळे पुसले आणि घरी जाऊन त्यांना विचारलं, बाबा, कुठे जायचं? समुद्र? काशी? पुण्यात नातवंडांकडे?

ते म्हणाले, "हरीण."

हे हरीण म्हणजे आमच्या घरातलं सर्वांत जुनं भांडण. बाबा तरुण असताना सेक्शनच्या लोकांबरोबर बसनं पिकनिकला गेले होते, ह्याच टेकडीवर. तिथे त्यांनी भिंतीवर एक हरिणी पाहिली, जिच्या पोटात पिल्लू दिसतं. पोट आरपार, आणि आत पाय दुमडून बसलेलं पिल्लू. आमचं सगळं बालपण ह्या हरिणीवर गेलं. झोपताना हरीण, वीज गेली की हरीण, पाहुणे आले की हरीण. आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "हव, पोटातलं दिसते म्हणे. सोनोग्राफी होती त्यांच्यापाशी."

तिच्या रागाला कारण होतं. ज्या दिवशी बाबा पिकनिकला गेले त्या दिवशी आईचं डोहाळजेवण होतं. मी पोटात होते. सातवा महिना, हिरवी साडी, फुलांचे दागिने, गढा मोहल्ल्यातल्या आमच्या तेव्हाच्या दोन खोल्यांत नागपूरहून आलेल्या बायकांची दाटी, आणि नवरा बसमध्ये. डोहाळजेवणात पुरुषांचं काही काम नसतं हे खरं आहे. पण काम नसणं वेगळं आणि टेकडीवर जाऊन पुऱ्या खाणं वेगळं. संध्याकाळी परत येऊन त्यांनी तिला ही पोटातल्या पिल्लाची गोष्ट सांगितली. ती तेव्हापासून म्हणत आली, की बायकोची समजूत काढायला ह्यांनी रस्त्यात बसून रचलेली गोष्ट आहे. मी पन्नाशी ओलांडली, तरी वाद तसाच. म्हणजे पाहायला गेलं तर भांडणाचं मूळ मीच.

तर बाबांना ते हरीण पाहायचं होतं, डोळे आहेत तोवर. एवढीच गोष्ट होती. त्यासाठी सकाळचं ऊन भिंतीवर असताना तिथे पोचणं आवश्यक होतं, कारण मंद उजेडात त्यांना काहीच दिसत नाही, आणि उन्हातून सावलीत आल्यावर तर बराच वेळ नुसता काळोख. मी हे घरातल्या प्रत्येकाला सांगितलं. आईला सांगितलं. पुण्याहून मुद्दाम रजा काढून आलेल्या धाकट्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, डोन्ट वरी, पहाटेच निघू." गेली काही वर्षं पुण्यात राहून तो आमच्या वऱ्हाडी 'काहून'ला हसतो आणि वेळेबद्दल व्याख्यान देतो. मला वाटलं, चला, हा तरी माझ्या बाजूनं आहे.

आता ऐका, जबलपूरचं मराठी कुटुंब पहाटे कसं निघतं. आंघोळी अंधारातच झाल्या. पुऱ्या तळून झाल्या. गाडीत सामान गेलं. बाबा बूट घालून, टोपी घालून पुढच्या सीटवर जाऊन बसले. आणि आई देवापाशी उभी राहून म्हणाली, "चलो, आधी ग्वारीघाटला."

मी म्हटलं, "आई, ग्वारीघाट उलट्या दिशेला आहे."

"माईचं दर्शन घेतल्याबिगर गावाबाहेर जातात का? काहून अशी घाई करून राहिली तू?"

ह्यावर बोलायची सोय नाही. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला नर्मदा ओलांडून, टाळून, न विचारता कुठे जाता येत नाही. आम्ही मूळचे विदर्भातले, पण ही सवय आता इथल्या माणसांपेक्षा आम्हाला घट्ट चिकटली आहे. घाटावर गेलो. आईनं दिवा सोडला. तो विझला म्हणून दुसरा सोडला. मग तिला ओळखीची एक बाई भेटली, तिच्या सुनेची चौकशी झाली. मी गाडीपाशी उभी राहून उजाडताना बघत होते. लोक किती छान सूर्योदय म्हणून फोटो काढत होते आणि मला तो सूर्य मागे ढकलावासा वाटत होता.

तिथून निघालो तर भावाला खोव्याची जलेबी आठवली. पुण्यात मिळत नाही. "दोन मिनिटं, ताई." दुकान उघडायचं होतं. मग भट्टी पेटायची होती. मग पहिला घाणा करपला. मी त्याला म्हटलं, अरे बाबांचे डोळे. तो म्हणाला, "बाबांसाठीच तर घेऊन राहिलो." घाईत त्याची पुणेरी सुटली तेवढंच समाधान. बाबा मात्र गाडीतच बसून होते. मी काच खाली करून पाहिलं तर ते चष्मा काढून पुसत होते, पुन्हा घालत होते, पुन्हा काढून पुसत होते.

भेडाघाटच्या फाट्यावर आई म्हणाली, "आता आलोच आहोत तर..." मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. त्या दिवसातला माझा तो एकच विजय.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून पलीकडे झुकलं होतं. तिथे जाणाऱ्यांनी इथून पुढचं नीट वाचावं. चपला घालून जाऊ नका, चढण छोटी असली तरी मुरमाड आहे आणि पाय सटकतो. आई चपला घालून आली होती. पुऱ्यांची पिशवी हातात ठेवू नका, माकडं आहेत. आमच्या निम्म्या पुऱ्या पहिल्याच वळणावर गेल्या. वर कुठेही आडोशाला जायची सोय नाही, ती खालीच उरकून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अत्तर, सेंट, धूर, उदबत्ती, बिडी, काहीही नको. खडकांच्या पोटाला आग्यामोहोळं लटकलेली असतात, एकेक सुपाएवढं. ती पिसाळली तर पळायला जागा नाही.

भाऊ सेंट मारून आला होता. त्याला मी गुहेतल्या टाक्याच्या पाण्यानं मान आणि मनगटं धुवायला लावली. तोवर आत पिंडीपुढे आईनं पिशवीतून उदबत्तीचा पुडा आणि काड्यापेटी काढली. मी धावले. माझ्या आधी तिथला चौकीदार धावला. "माताजी, अगरबत्ती मत जलाना, ऊपर छत्ता है." आई म्हणाली, "भैया, भगवान के सामने जला रहे, छत्ते के सामने थोडी." मी काड्यापेटी तिच्या हातातून ओढून घेतली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. मग ती रुसली. मी वर येणार नाही, खोट्या गोष्टी पाहायला मला हौस नाही, असं म्हणून बाहेर एका दगडावर बसली. मग बसल्या बसल्या तिनं चौकीदाराला सांगितलं, की तुमच्या पाटीवर चौथ्या ओळीत एक अक्षर उडालंय. गेल्या वर्षी तिचे दोन्ही मोतीबिंदू काढले. तेव्हापासून तिला सगळं दिसतं. माझ्या घरातली जळमटं, माझे पांढरे केस, शेजारणीच्या पडद्याचा उसवलेला टाका. नवऱ्याचे डोळे जात होते आणि हिचे नवे आले होते, ह्याची तिला मनातून लाज वाटत असावी, पण ती तसं बोलून दाखवणारी बाई नाही.

बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले. वाटेत एकदाही थांबू म्हणाले नाहीत. वरच्या भिंतीपाशी पोचलो आणि मला जे वाटलं होतं तेच झालं. सावली. बाबा उभे राहिले, मान हळूहळू फिरवत, जशी उरलेल्या फटीतून बघणारी माणसं फिरवतात.

"काय दिसतं, बाबा?"

"अंधार आहे ना इथं?"

मला राग आला. नदीचा, जलेबीचा, त्या विझलेल्या दिव्याचा, सगळ्यांचा राग. भावानं मोबाइलचा उजेड लावला. समोरून उजेड मारला की खडक नुसता पांढरा होतो, हे मी त्याला आदल्या रात्री सांगितलं होतं. बॅटरी बाजूनं धरायची असते. बॅटरी घरी टेबलावर होती.

"डाव्या हाताला बघा," बाबा म्हणाले. "एक मोठा हत्ती असेल. त्याच्या मागं, कमरेएवढ्या उंचीवर."

हत्ती होता. घोड्यावरचे तलवारवाले होते, हातात हात घालून नाचणारी काड्यांसारखी माणसं होती. चौकीदार मागून म्हणाला, "सब पांडवों ने बनाया है." हत्तीच्या मागे मात्र काहीच नव्हतं. कोरा खडक. मी वाकून पाहिलं, बसून पाहिलं. भावानं फोटो काढून तो मोठा करून पाहिला. काही नाही. मला पहिल्यांदाच वाटलं, की आई म्हणते ते खरं असलं तर? हे सगळं बसमध्ये बसून रचलेलं असलं तर, आणि आता म्हाताऱ्या माणसाला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असेल तर?

भावाला तेवढ्यात शहाणपण सुचलं. "थोडं पाणी मारून बघू का? ओलं झालं की रंग उठून येतो." बाटलीचं झाकण उघडलंच होतं, तोच चौकीदार ओरडला. अगदी बरोबर ओरडला. पाण्यानं रंग दोन मिनिटं उजळतो आणि कायमचा जायला लागतो. हे तुम्हाला कुणी चतुर माणूस नक्की सुचवेल, त्याच्या हातातून बाटली काढून घ्या.

"असं असते का?" बाबांनी विचारलं. आवाज बदलला होता. "पाण्यानं जाते?"

"हो, बाबा."

त्यांनी चष्मा काढून बाहीनं पुसला. मग म्हणाले, "आम्ही पुसली होती. म्हणजे मीच. फडकं ओलं केलं आणि दाबून पुसली. धूळ होती ना. पुसल्याशिवाय नीट दिसून नव्हती राहिली."

माझ्या डोळ्यांसमोर तो तरुण माणूस आला, खिशातून फडकं काढणारा, जॉब समोर आलाय म्हणून आधी पुसणारा. आणि समोर हा कोरा खडक. बाबांनी हात पुढे केला आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबवला. हात लावायचा नसतो हे आता त्यांना कळलं होतं. "मीच घालवली का रे?" त्यांनी विचारलं, आणि कुणाला विचारलं ते आम्हाला कळलं नाही.

"काय घालवली?" मागून आई. ती चपला हातात घेऊन अनवाणी वर आली होती. खाली ऐकू येतच असणार, तिचे कानही शाबूत आहेत. "अरे बाप्पा, पुसून आले? जातील तिथं पुसतील. सरका."

तिनं आम्हाला बाजूला केलं. कमरेवर हात ठेवून भिंतीकडे पाहिलं, भाजीवालीच्या टोपलीकडे पाहते तसं. मी मनात म्हटलं, आता नको. आज तरी बोलू नकोस.

"हत्तीच्या मागं काय पाहून राहिले सगळे?" ती म्हणाली. "ही काय. हत्तीच्या पायांमधी."

आम्ही पाहिलं. मला आधी काहीच दिसलं नाही. मग तिनं बोटानं हवेत रेघ काढून दाखवली तेव्हा दिसलं. हत्ती नंतर कुणीतरी वरून काढला होता, लाल रंगात, जाडजूड. त्याच्या खाली, त्याच्या चार पायांच्या मधोमध, फिकट झालेली, जुनी, पांढुरकी हरिणी. पाठ, मान, पाय. बाबांच्या आठवणीत ती मागे गेली होती, होती मात्र खाली.

"दिसली," भाऊ म्हणाला. "बाबा, खरंच आहे."

बाबांच्या चेहऱ्यावर आनंद येईल म्हणून मी बघत होते. आला नाही. ते आईच्या दिशेला वळले आणि त्यांनी विचारलं, "तोंड कुठं आहे?"

"उजवीकडं. मान मागं फिरवलेली."

"पोटात?"

"आहे ना. पाय दुमडून. शेपटीकडं तोंड."

"हे मी सांगतच होतो इतके वर्षं. तू ऐकलेलंच सांगून राहिली." त्यांचा आवाज कोरडा होता. तेव्हा मला समजलं. आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याचं मन राखायला बायको-पोरं खोटं बोलत आहेत, असं त्यांना वाटत होतं. आणि फॅक्टरीत कुणाच्या शब्दावर त्यांनी कधी जॉब पास केला नव्हता. "पिल्लाचे कान सांग."

आई वाकली. नाक जवळजवळ भिंतीला टेकवलं. चौकीदार "माताजी, छूना नहीं" म्हणाला, तिनं हात मागे बांधले. बराच वेळ पाहिलं.

"एकच दिसून राहिला," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या जागी खडकाचा टवका उडालाय. बारीकसा. नखाएवढा."

बाबांनी डोळे मिटले. हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. इतक्या रात्री, इतक्या वेळा ती गोष्ट सांगून टवक्याचं एवढं त्यांनी स्वतःपाशी ठेवलं होतं. "तेव्हाही उडालेलाच होता," ते म्हणाले. "एकच कान." मग त्यांना हसू फुटलं आणि गालावरून पाणी आलं, दोन्ही एकदम, आणि ते त्यांनी बाहीनं पुसलं. "पाहिलीस ना? आता तरी पटलं? आहे ना?"

"आहे," आई म्हणाली. "चित्र नाही असं मी कधी म्हटलं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. भावानं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर आम्ही तिच्या तोंडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. "आई!" मी ओरडलेच. "तू रोज म्हणायचीस!"

"चित्र असेल नाही तर नसेल, मला काय करायचं होतं त्याचं?" ती माझ्याशी बोलत नव्हतीच. "माझं डोहाळजेवण सोडून तुम्ही काहून गेले होते, एवढंच मी विचारत होते. त्याचं उत्तर कधी दिलं नाही. जेव्हा विचारलं तेव्हा हरीण."

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दिसत काही नव्हतं, पण त्यांना तिथून हलायचं नव्हतं. आई त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि चपला खाली ठेवून तिनं त्या पायात घातल्या. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. उतरताना चपलांमुळे ती दोनदा घसरली, आणि दोन्ही वेळा ज्याला दिसत नाही त्यानं तिला सावरलं.

परतताना गाडी भाऊ चालवत होता. शहापुऱ्याला चहाला थांबलो. बाबांनी कप हातात घेतला, बोटानं कड पुसली, आणि एकदम म्हणाले, "घरात सगळ्या बायकाच होत्या. मला थांबा असं कुणी म्हटलंच नाही."

"म्हणायला पाहिजे होतं का?" आई म्हणाली.

बाबांनी चहा संपेपर्यंत विचार केला. "नाही," ते म्हणाले. मग आईनं उरलेल्या जलेबीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला, आणि तो संपल्यावर दुसरा ठेवला.

तेव्हा तुम्हाला जायचं असेल तर बूट घाला, बॅटरी न्या, सेंट मारू नका, पाणी फक्त पिण्यासाठी वापरा. हत्ती दिसला की त्याच्या पायांमध्ये बघा. आणि पहाटे निघा. नर्मदामाईचं दर्शन आदल्या संध्याकाळी घेऊन ठेवा. मला माहीत आहे तुम्ही ऐकणार नाही. आमच्या घरात पुन्हा जायची वेळ आली तरी कुणी ऐकणार नाही. ती वेळ आता यायची नाही, कारण उन्हाळा लागता लागता बाबांची ती फटही मिटली. आता ते खिडकीशी बसतात, कुठल्या बाजूनं उजेड येतो एवढं त्यांना कळतं.

घरी कुणी आलं की हरणाची गोष्ट निघतेच. फरक एवढाच, की ती आता आई सांगते. जणू बसमध्ये तीच बसली होती. हत्ती सांगते, मागे वळलेली मान सांगते, पोट सांगते, दुमडलेले पाय सांगते, आणि चहा टाकायला म्हणून उठायला लागते. मग खिडकीकडून बाबांचा आवाज येतो.

"कान राहिला."

आणि ती पुन्हा खाली बसते.